भाजीचं पाणी

।। श्री बसवेश्वर प्रसन्न ।।

तुळजापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. शिवकन्याअक्कास,
उमाचे शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी यांच्या तब्येतीचं सांगत होते आणि तू ज्वारीच्या पेरणीचं उत्तर देत होतीस. कानाचं यंत्र कपाटात ठेवून तू फोन घेतेस, असं तुझा लेक मल्लिनाथ सांगतो. मग तुझी सूनच सगळं ऐकते, आणि सगळंच काही तिला ऐकवण्यासारखं नसतं. त्यापेक्षा पत्र बरं.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. साखरेनं आतून पोखरून ठेवल्या होत्या, आम्हाला पत्ता लागला तो पाय सुजल्यावर. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं सोलापूरला जातो. तिथं यंत्रातून रक्त धुऊन घ्यावं लागतं. परत येतो तेव्हा हे पिळून काढल्यागत झालेले असतात. दुकान आमचा गडी शिवशरण बघतो, पण गिऱ्हाईक मालकालाच विचारत येतं.

औषधांपेक्षा खाण्याचा जाच जास्त आहे. पाणी मोजून द्यायचं. डाळ, केळं, शहाळं बंद. पालेभाजी करायची तर भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं आणि उरलेला चोथा फोडणीला टाकायचा. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी एका दमात सांगितलं, मागं रांग होती, का म्हणून विचारायचं राहून गेलं. तुझ्या दाजींचा जीव आमटी-भाकरीत, हे तुला मी काय सांगू. चार घास खातात आणि ताट सरकवतात. आपल्यात जेवण झालं की ताटात पाणी घालून, धुऊन, ते पिऊन उठायचं. कणभर प्रसाद वाया जाऊ द्यायचा नाही. लग्नापासून यांचं ताट मी कधी खरकटं बघितलं नव्हतं. आता ताटात अन्न राहतं, आणि पाणी मोजकं असल्यामुळं ताट धुऊन पिता येत नाही. त्याचंच त्यांना जास्त लागलंय. परवा म्हणाले, उमा, म्या अन्न टाकून उठतोय, शिवाला काय तोंड दाखवू.

उपाशी माणूस कितीसा तग धरणार, ही एकच भीती मला रात्रंदिवस आहे. तुझ्या हाताला चव आहे. काही सुचलं तर कळव. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
उमा


मुरूम,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. उमास,
अक्काचे अ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. सुनेनं विचारलं काय लिहिलंय, तर म्हटलं तुळजापुरात थंडी पडली आहे.

दाजींना सांग, मेहुणी विचारते आहे की लग्नात आमच्या अंगणात बसून अंबाडीची भाजी वाढप्याला लाज वाटेपर्यंत खाणारा नवरदेव तो हाच का. त्या दिवशी अप्पा म्हणाले होते, जावई चांगला मिळाला, पण शेत कमी पडेल. हे वाचून दाखव. हसले नाहीत तर मला कळव, मी स्वतः येऊन बसते.

आता भाजीचं ऐक. तुमच्या दवाखान्याचं मला नवल वाटत नाही. बाजारातल्या भाजीवर काय काय फवारतात ते मी डोळ्यांनी बघते. कोबीवर तर आदल्या दिवशी मारतात आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरला पाठवतात. म्हणून ते उकळून पाणी टाका म्हणतात. शहरातल्या भाजीला ते बरोबरच आहे. पण आपल्या विहिरीकडच्या वाफ्यात मी थेंब फवारू देत नाही. या पाल्याचं पाणी कशाला टाकायचं? सगळं सत्त्व तर पाण्यातच उतरतं. आपल्या अव्वानं दुष्काळातसुद्धा भाजीचं पाणी मोरीत ओतू दिलं नाही.

सोबत मल्लिनाथकडून करडईची कोवळी भाजी आणि चाकवत पाठवते. दवाखान्याचा मान राखायचा तर भाजी उकळ आणि पिळून घे. ते पाणी मात्र भगुन्यात ठेव. त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी दे, चिमूटभर येसर मसाला लाव, मीठ बेतानं, आणि वाटीभर आमटी त्यांच्या पुढं ठेव. डाळीचा दाणा नको, नियम मोडायचा नाही. उरलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ मळ. बघ ताट पुसून खातात की नाही. घरचं खाऊन कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं नाही.

भाजी दर आठवड्याला येईल. मन घट्ट ठेव आणि तूही जेवत जा.

तुझी,
अक्का


तुळजापूर,
९ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
उमाचे शि. सा. न. वि. वि.

अक्का, हे जेवले. अंबाडीचं वाचून हसले, आणि म्हणाले की तुझ्या बहिणीनं वाढताना हात आखडला होता, नाहीतर अजून खाल्ली असती. करडईच्या पाण्याची आमटी केली. पहिला घास भाकरीचा तुकडा बुडवून घेतला आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं कळ आली. तर म्हणाले, लई दिसांनी जिभंला ओळख पटली.

तेव्हापासून दोन्ही वेळा हेच चालू आहे. वाटी मोजकीच देते, पण एक कण उरत नाही. चेहरा वर आला आहे. संध्याकाळी घटकाभर दुकानात जाऊन बसतात आणि शिवशरणवर ओरडतात, तेही ऐकायला बरं वाटतं. पुण्याहून शिवानीचा फोन आला तेव्हा स्वतः बोलले. ती म्हणाली, पप्पांचा आवाज सुधारला.

एकच गोष्ट मनात राहते. शुक्रवारी डॉक्टर रक्ताचा कागद बघून रागावले. केळं खाल्लं का, शहाळं प्यालात का, असं पुन्हा पुन्हा विचारलं. आम्ही कशाला हात लावला नाही म्हटलं, तर त्यांचा विश्वास बसेना. भाजी उकळून घेता ना, असं मला विचारलं. मी हो म्हणाले. हे चिडले, बाहेर येऊन म्हणाले की गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगितलं असतं तरी या माणसाला पटलं नसतं. पाय जड वाटतात म्हणतात, पिंडऱ्यांत जोर नाही. एसटीच्या पायऱ्या चढताना दांडा धरावा लागतो. थंडीनं असेल.

तुझे उपकार कसे फेडू. करडई संपली आहे.

तुझी,
उमा


मुरूम,
२५ डिसेंबर २०२४

चि. सौ. उमास,
अ. आ. वि. वि.

दाजींनी माझा हात आखडता काढला होय? बरे झाले की या म्हणावं, भाजीचं भगुनंच ताटात पालथं करते.

डॉक्टरांचं मनावर घेऊ नका. त्यांना रोज खोटं बोलणारी माणसं भेटतात, खरं बोलणारा ओळखू येत नाही. पाय जड होणारच, इतके महिने पोटात अन्न नव्हतं. आता कुठं अंगी लागायला लागलं आहे.

सोमवारी अमावस्या, येळवस. तुमच्याशिवाय शेतात जेवायला बसणं मला जड जाणार आहे. दरवर्षी दाजी कडब्याच्या खोपीपुढं बसून भज्जी मागून मागून घेतात आणि वर आंबील पितात. या खेपेला एवढा प्रवास नको, मंगळवारी पुन्हा सोलापूर आहेच. म्हणून शेतच तुमच्याकडं पाठवते. मल्लिनाथच्या पिशवीत भज्जीसाठी हरभऱ्याचा पाला, मेथी, चाकवत, कांद्याची पात आहे, आणि आंबिलीसाठी ज्वारीची कणी. वाटाणे, पावटे मुद्दाम घातले नाहीत, दाण्यांची मनाई आहे ना. त्यांच्यापुरती भज्जी वेगळी शिजव, पाला पिळून घे, आणि ते सगळं पाणी आटवून दाट आमटी कर. आणि त्या दिवशी तरी त्यांना ताट धुऊन पिऊ दे. एका घोटानं काय होतं. येळवसेला अन्न टाकून उठायला लागू नये कुणाला.

मी इकडं खोपीतल्या पांडवांच्या दगडांपुढं तुमच्या नावानं एक पान मांडीन.

तुझी,
अक्का


तुळजापूर,
१९ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
उमाचे शि. सा. न. वि. वि.

तू परत जाऊन आठवडा झाला. घर मोठं वाटतं. शिवानी आणखी थोडे दिवस राहणार आहे, नोकरीवरून सुट्टी वाढवून घेतली तिनं.

त्यांना समाधी दिली त्या वेळी तू विचारलंस की एवढं सुधारत असलेलं माणूस एकाएकी कसं गेलं. ते आता सांगते. येळवसेच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे स्टँडवर गेलो. एसटी यायची होती. ते बाकावर बसले, म्हणाले छातीत फडफड होते, आणि माझ्या खांद्यावर कलले. मला वाटलं डुलकी लागली. गाडी लागली तेव्हा उठवायला गेले. लोकांनी जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं, पण काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्या आजारात होतं असं. त्रास फार झाला नाही.

तू रोज रडतेस असं मल्लिनाथ म्हणाला. रडू नकोस. कपाळी होतं ते झालं.

पिशवी मल्लिनाथबरोबर परत पाठवली आहे. आता भाजी पाठवत जाऊ नकोस. आम्हा दोघींना काय लागतं, इथं मिळते.

तुझी,
उमा


मुरूम,
५ फेब्रुवारी २०२५

चि. उमास,
अ. आ. वि. वि.

चि.च्या पुढं सवयीनं सौ. लिहून गेले होते. तो कागद फाडला, हा दुसरा आहे.

हृदय बंद पडलं असं तू लिहिलंस. सगळ्यांचं शेवटी तेच बंद पडतं. पण भाजी नको म्हणालीस आणि पिशवी परत पाठवलीस, ते माझ्या मनातून जाईना. तू आयुष्यात माझी पिशवी कधी परत पाठवली नव्हतीस. म्हणून गुडघ्याचं निमित्त काढून उमरग्याच्या डॉक्टरांकडं गेले. कानात यंत्र घालून गेले. त्यांना विचारलं, किडनीच्या माणसाच्या भाजीचं पाणी टाकायला सांगतात, ते फवारणीमुळंच ना? ते म्हणाले, आजी, फवारणीचा काय संबंध. पाल्यात एक क्षार असतो, उकळलं की पाण्यात उतरतो. आपल्या अंगाला तो चांगला. किडनी गेलेल्या माणसाच्या रक्तात तो साठत जातो, आणि एक दिवस हृदय थांबवतो. मी विचारलं, आमच्या शेतातल्या भाजीतसुद्धा? ते म्हणाले, तुमच्या शेतातल्या भाजीतसुद्धा.

यंत्र असल्यामुळं शब्द न् शब्द ऐकू आला.

सोलापूरला तुलाही हे सांगितलं असणार. ते तू एकटीनं गिळलंस आणि मला लिहिलंस की कपाळी होतं. उमा, दाजींना मी मारलं. चांगल्या मनानं मारलं म्हणून त्यांना उठून बसता येणार नाही. विहिरीकडच्या वाफ्यात भाजी फुलावर आली आहे, मी तिकडं जात नाही. काल सुनेनं चाकवत उकळला. मी भगुनं उचललं आणि पाणी मोरीत ओतलं. जन्मात पहिल्यांदा. ती बघत राहिली. ओतून झाल्यावर कळलं की आता ओतून काय उपयोग.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. मला ते लिहवत नाही. तुला वाटलं तर उत्तर दे, नाही वाटलं तर मला समजेल.

अक्का


तुळजापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
उमाचे शि. सा. न. वि. वि.

तुला कळू नये म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि तू यंत्र घालून ऐकायला गेलीस. एरवी हाका मारून आमचा घसा बसतो.

अक्का, सांगितलंस तू, पण रांधलं मी. डिसेंबरात डॉक्टर रागावले तेव्हा आमटी माझ्या ओठांवर आली होती. तुला लिहिलं त्यात हे लिहिलं नाही. हे शेजारी बसले होते. मी बोलले तर डॉक्टर आमटी बंद करतील, हे पुन्हा ताट सरकवतील, असं वाटलं. म्हणून भाजी उकळते एवढंच खरं बोलले आणि पुढचं गिळलं. तुला माहीत नव्हतं. मला शंका आली होती. तेव्हा मारलं हा शब्द एकटी उचलून नेऊ नकोस. अर्धा माझा आहे, कदाचित जास्तच.

तुझ्यावर राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पहिले काही दिवस तुझं पत्र दिसलं की उलटं करून ठेवत होते. आता तो राग माझ्यावरच येऊन बसतो, तुझ्यापर्यंत पोचत नाही.

येळवसेचं तुला सांगायचं राहिलं. त्या दिवशी त्यांनी सगळं खाल्लं. मग मी ताटात घोटभर पाणी घातलं. त्यांनी चारी बोटांनी ताट धुतलं, दोन्ही हातांनी उचललं आणि प्यायले. माझ्याकडं बघून म्हणाले, आज जेवून उठलो बघ. रात्रभर शांत झोपले. मी त्या ताटाला अजून हात लावला नाही, शिवानीनं मांडणीवर ठेवलं आहे.

लोभ आहे. तो तू मागायचा नाहीस, मी द्यायचा नाही, तो आपला आहेच. गुडघ्याला तेल लावत जा. उन्हाळ्यात शिवानीला घेऊन येईन. भाजी मात्र एवढ्यात पाठवू नकोस.

तुझी,
उमा