उलट्या पावलांचा गुडघा

सिस्टर,

चार दिवसांपूर्वी पुन्हा माझा आवाज चढला. आमच्या यांचा उजवा गुडघा वर्षभर दुखतोय, आणि मोबाईलमधल्या एका पिळदार तरुणानं त्यावर उलटं चालायचा उपाय सांगितलाय. त्यामुळे हे रोज सकाळी जवळा बाजारच्या रिकाम्या बाजारतळावर उलट्या पावलांनी चालतात. रक्तदाबाच्या गोळीनं त्यांना मधूनच गरगरतं. गेल्या आठवड्यात दगडाला टाच अडली आणि पडले. कोपर सोलवटलं, हाड वाचलं. आता बंद करा म्हटलं, तर म्हणाले, "लाखो लोकं ऐकून राहिले त्याचं. ते समदे येडे, अन् तू एकटी शहाणी व्हय?"

त्या पोराचे दंड खरे आहेत, बोलणं गोड आहे, आणि ह्यांची गोळी त्याला ठाऊक नाही.

तुम्ही सारख्या आठवता. तुम्ही मिशनच्या शाळेत आम्हाला कवायत शिकवायचात, तेव्हा नववीत मासिकातलं चित्र पाहून मी व्हरांड्यात शीर्षासन करत होते. तुम्ही मला धरून सरळ केलंत आणि विचारलंत, "या बाईनं तुझी मान पाहिली आहे का?" पुढचं अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही मला मैदानाच्या टोकापर्यंत चालायला लावता, पांढरा झगा सावरून खाली मातीत बसता आणि माझी पावलं बघत राहता. मी परत येते. तुम्ही म्हणता, तुला काय करायला सांगावं ते मला अजून कळत नाही, उद्या बघू. व्यायामाच्या बाबतीत 'मला कळत नाही' म्हणणारं माणूस त्यानंतर मला भेटलं नाही.

म्हणून ह्यांना हट्टानं हिंगोलीला नेलं, शिकलेल्या माणसाकडे. त्यानं गुडघ्याचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं की उलटं चालण्यानं काही गुडघ्यांना खरंच आराम पडतो. काही म्हणजे कोणत्या? गरगरणाऱ्या माणसानंही चालावं का? मी विचारेपर्यंत त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली होती. ह्यांना चालवून पाहायचं तर राहिलंच. एस.टी.त हे खिडकीशी बसून हसत होते. "पाह्यलं? डॉक्टर बी तेच म्हणला." सल्ला कदाचित बरोबर असेल, सिस्टर, पण तो ह्यांना लागू आहे का, एवढं विचारायला मी कुणाकडे जाऊ?

आता मीच त्यांच्यासोबत जाते. त्यांचे दोन्ही हात धरून मी सरळ चालते, ते उलटे. मागचा रस्ता त्यांच्यासाठी मी बघते. बायका पदराआड हसतात, म्हातारपणी फुगडी म्हणतात. हसू देत. फक्त ते पुन्हा पडायला नकोत.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. आज घरी परतताना ह्यांनी थांबून विचारलं, "लंगडणं कमी झालं न्हाई का माझं?" लहान लेकरासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "हो, बरंच कमी झालंय." खरं म्हणजे मला काहीच फरक दिसला नव्हता.