दिव्याखालचं सोयाबीन

गावातल्या घरून,
१ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

तीर्थस्वरूप दादांना,
धाकटीचा वाकून नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. आईंचा गुडघा पावसाळ्यापासून कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा काळजी नाही. तांबडी गाय व्यायली, कालवड झाली. उद्या सर्वपित्री. मामंजींचं पान दुपारी वाढायचं आहे आणि आईंनी बजावलंय की थोरला शेतातल्या आखाड्यावरून घरी आल्याशिवाय पानावर पाणी सोडायचं नाही. पोळ्यापासून तुम्ही शेतातच राहताय. नीट जेवता का, असं तुमचा डबा नेणाऱ्या शकुआक्कांना विचारलं तर त्या नुसतं "खातेत" म्हणतात आणि डबा घासायला घेतात.

एकाच गावात राहून हिला पत्र कशाला सुचलं, असं वाटेल तुम्हाला. पण थोरल्या दिराशी धाकटीनं तोंडावर बोलायची आपल्या घरी रीत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तुम्हाला मला काही सांगायचं असलं की तुम्ही दाराच्या चौकटीला सांगता आणि मी उत्तर देते ते चुलीला. चहा, पाहुणे, पेरणी एवढ्यापुरतं ते चालून गेलं. आजचं बोलणं चौकटीला पेलणारं नाही, म्हणून आक्कांच्या डब्यासोबत हे पाठवतेय.

तांड्याच्या वाटेवरचा दिवा गेला हे तुमच्या कानावर आहेच. आपल्या शेताच्या कोपऱ्यावरच्या खांबाचा. आठ दिवस झाले. उन्हाळ्यात एका संस्थेच्या मदतीनं पंचायतीनं गावातले सगळे पिवळे दिवे काढून एलईडी बसवले, तेव्हापासून विजेचं बिल निम्म्यावर आलं. मी सरपंच झाल्यापासून ज्याला कोणी नावं ठेवली नाहीत असं हे एकच काम. तांड्याच्या वाटेवरचा जुना दिवा चार दिवस लागायचा आणि दहा दिवस रुसायचा. नवा लागला तशा सेनगावहून शेवटच्या बसनं येणाऱ्या कॉलेजच्या पोरी बिनघोर घरी जायला लागल्या.

आता उत्तमसिंगनं त्याच्या शितलचं कॉलेज बंद केलंय. ओढ्याच्या वळणावर कोणीतरी तिच्या मागं मागं आलं म्हणे. ती पळत घरी गेली आणि त्या दिवसापासून बाहेर पडली नाही. तिची आजी भिकाबाई परवा पंचायतीच्या दारात येऊन बसली. म्हणाली, "सरपंचबाई, आमाला अंधाराची सवय व्हती. पोरीची तुमी मोडली. मोडायची व्हती तर दिवा सांभाळायचा व्हता." मी तिला चहा दिला. तिनं तो घेतला नाही.

मग पारावर काय झालं ते तुम्ही ऐकलंत. पंचायतीच्या दिव्यांचं काम उत्तमसिंगच बघतो, त्यामुळे सोनाजीला फार डोकं चालवावं लागलं नाही. "दिवा फोडला न्हाई, उपटला न्हाई. पान्यानं बराबर खोलून नेला. असं काम उत्तमसिंगबिगर कोणाला येतं? हिंगोलीला नेऊन इकला असंल." चारजणांनी माना डोलावल्या. उद्या सकाळच्या ग्रामसभेत पोलिसांत तक्रार द्यायचा ठराव आहे आणि त्यात उत्तमसिंगचं नाव घालायचं ठरलंय. तुम्ही लिंबाला टेकून उभे होतात. सगळे सोनाजीकडे बघत होते, तुम्ही चपलेकडे. आणि मी तुमच्याकडे.

आधी सोयाबीनचं सांगते, कारण तुमचा राग तिथला आहे आणि तो खरा आहे.

पोळ्याच्या सुमाराला तुम्ही सभेत उठून म्हणालात की रात्रभर उजेड पडतोय म्हणून खांबाजवळच्या सोयाबीनला शेंगा धरेनात, दिव्याला बटण बसवा. तेव्हा सोनाजी म्हणाला, "काहून, दिवा शेंगा खाऊन राहिला का?" आणि सभा हसली. हे दिवे सांजेला आपोआप लागतात आणि उजाडल्यावर आपोआप विझतात, त्यांना बटणच नाही, असं सांगून मी पुढच्या विषयावर गेले. काल कृषी सहायक पुजा मॅडमना घेऊन शेतावर आले होते. तुम्ही आम्हाला बघून पलीकडच्या बांधाला गेलात. सगळं रान पिवळं पडलंय, पानं गळालीत, शेंगा खुळखुळतायत. आणि खांबाभोवतीचा पट्टा हिरवागार, कमरेएवढा माजलेला, शेंग शोधून सापडत नाही. मॅडम म्हणाल्या, सोयाबीनला फूल-शेंग धरायला रात्रीचा सलग अंधार लागतो. उजेडात ते नुसतं वाढत बसतं. म्हणजे तुम्ही सांगत होतात ते अक्षर न् अक्षर खरं होतं. हे मी उद्या सभेत मोठ्यानं सांगणार आहे, सोनाजीकडे बघून. शेताच्या बाजूनं दिव्याला पत्र्याचा आडोसा आणि खांबाला बटण, असा ठराव तयार आहे. शेवटच्या बसची माणसं घरी पोचली की पीक निघेपर्यंत दिवा बंद. पोरींना उजेड मिळेल, पिकाला अंधार.

इथपर्यंत लिहून मी दोनदा उठले. एकदा गायीला पाणी दाखवलं, एकदा उगीच डाळ ढवळली. पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

दिवा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि उत्तमसिंग खांबाशी गेलो होतो. तुटलेल्या वायरीच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, घट्ट, तीन पदरी. आणि ते टोक वर नेऊन कासऱ्याच्या गाठीनं खांबाला बांधलेलं, लेकराचा हात पुरू नये, ढोराचं शिंग लागू नये असं. दादा, चोर वायर लोंबती सोडून पळतो. आपल्या घरात विळ्याच्या मुठीला, पंपाच्या हँडलला, आईंच्या काठीच्या टोकाला ट्यूब कोणी गुंडाळलीय हे मला कोणी सांगायला नको.

उत्तमसिंगनंही ते बघितलं. म्हणाला, "ज्यानं नेला त्याला लेकराबाळाची फिकीर हाय, सरपंचताई." पारावर त्याच्यावर आळ आला त्या दिवशी मी त्याला गाठून म्हटलं, "मग पारावर सांगत काहून न्हाईस?" तर म्हणाला, "तांड्याच्या माणसानं तुमच्या घराकडं बोट दाखवलं तर दोन आळ येतेत. एक चोरीचा, अन् एक खोटं बोलल्याचा. एकच बरा." आणि पाना पिशवीत टाकून निघून गेला.

काल जेवताना मी यांना सगळं सांगितलं. तुमचे भाऊ हातातला घास ठेवून म्हणाले, "दादाला चव्हाट्यावर आणशील तर या घरात राहू नको." मला भीती वाटते. मी काही फार धीट बाई नाही. कुरुंद्याला माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली भाकरी थापण्याची कल्पनाही मला सोसत नाही. त्याहून जास्त लागतं ते हे, की सरपंचपदाचा अर्ज भरताना हे मागंपुढं करत होते तेव्हा तुम्हीच चौकटीला म्हणाला होतात, "शिकलेली हाय. करू द्या तिला." तुमच्या त्या दोन वाक्यांवर मी त्या खुर्चीत बसलेय.

पण दादा, उत्तमसिंगला पोलीस घेऊन गेले तर तो गावात तोंड दाखवू शकणार नाही आणि शितल पुन्हा बसमध्ये बसणार नाही. तुमचं दिव्याखालचं पीक गेलं. त्यांचं तर सगळंच जाईल.

उद्या दिवा घेऊन सभेला या. का काढला ते सांगा. लोक बोलतील, सोनाजी तर बोलेलच, त्याला मी बघून घेईन. दंड बसला तर बसेल. सभा संपली की आपण दोघं मिळून घरी जाऊ आणि मामंजींच्या पानावर तुम्ही पाणी सोडाल.

नाही आलात, तर ठरावात उत्तमसिंगचं नाव लिहायला घेताच मी उभी राहीन आणि कोणाचं लिहायचं ते सांगेन. सुनेनं थोरल्या दिराचं नाव उच्चारू नये, हे मला लग्नाच्या मांडवातच शिकवलंय. मतदारयादी वाचतानासुद्धा मी तुमच्या नावाशी थांबते आणि शिपाई ते वाचतो. या पत्रावर, पाकिटावरसुद्धा मी ते घातलेलं नाही. ते पहिल्यांदा तोंडातून निघेल ते असं निघू नये.

मला तुमचं नाव घ्यायला लावू नका.

तुमच्या घरची,
निदान उद्या सकाळपर्यंत तरी,
धाकटी