दोन मॅथ्यू

ऑक्टोबर १९१६

प्रिय विल,

हेरिंग मासळीच्या मोसमाला तू यार्मथ बंदरात गेलास त्याला दोन आठवडे झाले. तुझ्या कोंबड्यांना मी रोज दाणे टाकतो. तांबडी कोंबडी अंडी घालत नाही.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी सैन्याचा कागद आला. पाकिटावर विल्यम हॅरिसन, म्हणजे तू किंवा मी. आत एवढंच, की मॅथ्यू हॅरिसन फ्रान्समध्ये कामी आला. टपालवाली हॅना म्हणाली, "कुठल्या विल्यमचा कुठला मॅथ्यू? सरकारला काय, लिहिलं की झालं! तुमचं दार उघडं दिसलं, म्हणून इथं आणला." कागदावर शिपायाचा एक नंबर होता. पोरांचे नंबर आपल्यापैकी कुणाला ठाऊक आहेत?

आपल्या दोघांचेही बाप मॅथ्यू, म्हणून आपले थोरले मुलगे दोघेही मॅथ्यू. बारसं एकाच सकाळी झालं. तू पाद्रीबाबांना म्हणालास, "एकाच नावात दोन पोरं उरकली, बाबा, दक्षिणाही एकच घ्या!" ते हसले आणि अर्थ सांगू लागले. हॅरिसन म्हणजे हॅरीचा मुलगा. कुठला हॅरी, ते आता कुणालाच माहीत नाही. मॅथ्यू म्हणजे देवाची देणगी.

कागद मी बायबलमध्ये ठेवला. तुला कळवलं नाही. खात्री झाल्यावर कळवू, असं घरात मार्थाला सांगितलं. तिनं भाकरी भाजली, जाळी दुरुस्त केली. मी रोज देवळात जात होतो. पहिले दोन दिवस म्हणालो, देवा, दोघांपैकी कुणीच नको. तिसऱ्या दिवशी वाटलं, गावात इतके हॅरिसन, देवाचाही घोटाळा व्हायचा. म्हणून गावात आपल्या दोन घरांना हाक मारतात ती नावं घेतली. म्हणालो, आम्हा घंटेवाल्यांचा नको. डांबरवाल्यांचा असू दे. पुढचे सहा दिवस तेच म्हणालो. तिथून परत येताना तुझ्या कोंबड्यांना दाणे टाकायचो.

काल आमच्या मॅथ्यूचं पत्र आलं. तो सुखरूप आहे. तुझा त्याच्या शेजारीच होता. जीव जायला फार वेळ लागला नाही, असं लिहिलंय. मार्था रडली. आभार मानायला मी गुडघे टेकले, पण शब्द आला नाही. अजून आलेला नाही.

विल, तो कागद तुझा आहे. सोबत घातला आहे. पाकिटावर तुझ्या बोटीचं नाव लिहिलंय आणि ठळक अक्षरांत 'डांबरवाला', म्हणजे दुसऱ्या कुठल्या विल्यमच्या हाती पडायला नको.

तुझाच,
विल्यम, घंटेवाला