पान एकतीसवरचं गाव

३ फेब्रु., मंगळ. कार्डिफ
बाड गेलं एकदाचं! निर्वासितांना वेल्समध्ये कसं सामावून घ्यायचं, याचं नवं धोरण ठरतंय. त्यासाठी सहा महिने लोकांशी बोलत फिरले, ते सगळं आमच्या छोट्याशा संस्थेने आज पोचतं केलं. बॉस ऱ्हिअन खूश. "तुझी माणसं जिवंत वाटतात." वाटणारच. मी आधी गाव विचारते, आई करते तसं. कुठल्या तुम्ही? मग चहा, मग बाकीचं. नवरोबा निखिल म्हणतो, सर्व्हे करतेस की सोयरीक जुळवतेस?

५ फेब्रु., गुरु
बाड आमच्या वेबसाइटवर लागलं, इंग्रजी आणि वेल्श. बसमध्ये कौतुकाने उघडलं. पान ३१. तिथेच थांबले, पुन्हा वाचलं.
माझ्याशी बोललेल्या झरमिनाचं नाव गाळलंय मी. पण खाली लिहिलंय: हेरातकडच्या अमुक खेड्यातली सुईण, दोन मुली, आता किनाऱ्यावरच्या अमुक गावात राहते, वेल्श शिकते. दोन्ही गावं नावानिशी. (इथे लिहीत नाही. आता अक्कल आली.) त्या चिमुकल्या गावात अफगाण सुईणी किती? एक!
आणि तिने स्वतः सांगितलं होतं. दीर इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत असतो. नवरा वारल्यापासून मुली आमच्या घराण्याच्या, आमच्याकडे दे म्हणून मागे लागलाय. मारायला उठला होता, म्हणून ही पळून इतक्या लांब आली. त्याला पत्ता कळता कामा नये. मी मान डोलावली होती. तिने पुढे केलेले बदाम खात.
पहिला विचार माझ्या नोकरीचा आणि व्हिसाचा आला. लिहून ठेवते, लाज वाटावी म्हणून.

६ फेब्रु., शुक्र
ऱ्हिअनला सांगितलं. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "लंडनमध्ये खपून गेलं असतं. इथे प्रत्येकाची मावशी प्रत्येकाला ओळखते."
पहिल्या पानावर मीच ऐटीत लिहिलंय, देश छोटा, म्हणून इथे कुणी गर्दीत हरवत नाही. शहाणी!
दुपारी फाइल काढली, गावं खोडून परत लावली. झ.ला कळवू? ऱ्हिअन म्हणे सोमवारी, आधी वकिलाचा सल्ला घेऊ. मी हो म्हटलं. बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

८ फेब्रु., रवि
निखिल: "अगं, कॉव्हेंट्रीतला माणूस असली पीडीएफ कशाला वाचेल?" बरोबर आहे. पण एक दिवस होती ती तिथे. कुणी कुणाला पाठवली असेल तर...
इथल्या मराठी मंडळाच्या जेवणाला गेलो. एक काकू प्रेमाने, "पुण्यात कुठल्या गं तुम्ही?" दचकलेच. पेठेतल्या, म्हटलं. कुठली पेठ ते सांगितलं नाही. काकू बघतच राहिल्या.

९ फेब्रु., सोम
सल्ला अजून आलेला नाही. झ.चा नंबर दोनदा काढला, दोनदा ठेवला. भित्री आहे मी, दुसरं काय.

१० फेब्रु., मंगळ
सकाळी झ.चाच मेसेज. फोटो. पान ३१, वेल्शमधलं.
वेल्श फाइल बदललीच नव्हती! मला वेल्श येत नाही, मी ती कधी उघडलीच नाही. गावं तशीच. पाच दिवस.
तिच्या क्लासच्या बाईंनी वाचायला दिलं होतं. खाली तिने लिहिलंय, "सिस्टर, ही मी आहे ना? वर्गात मोठ्याने वाचलं. पहिल्यांदा आख्खं पान समजलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी." आणि एक हसरा चेहरा.
रडूच फुटलं. डोळे पुसले, फोन लावला आणि सगळं सांगितलं. कुणाची वाट न बघता. शुक्रवारीच करायला हवं होतं.
तिने एवढंच विचारलं, "सिस्टर, मुलींच्या शाळेचं नाव लिहिलंय का?"
नाही, नाही, शाळेचं नाही.
"पण गावात एकच शाळा आहे ना."
हो, म्हणाले. आणखी काय म्हणणार.

तोच दिवस, ट्रेनमध्ये
ऱ्हिअनने वेल्श फाइल उतरवली, पोलिसांनाही कळवलं. झ. शाळेकडे निघाली. मी येतेय म्हटलं, तर म्हणाली, "या." रागावलीसुद्धा नाही.
आत्ता फोन उचलत नाहीये. चालत असेल. वाऱ्यात रिंग ऐकू येत नसेल.
शाळा साडेतीनला सुटते. माझी ट्रेन तीन पाचला पोचणार होती, आता वीस मिनिटं लेट दाखवतेय. कॉव्हेंट्रीहून तिथे कारने किती वेळ लागतो ते बघायचं नाही, असं ठरवलं होतं. बघितलं. चार तास. पाच दिवसांत कितीदा येऊन जाईल माणूस.
पुन्हा लावते फोन.