अध्यक्षांनी परस्पर देऊन टाकलेल्या घराविषयी

मी, खाली सही करणारी, वय चौसष्ट, अविवाहित, लहान मुलांच्या रुग्णालयासाठी देणग्या मिळवण्यात उभी हयात घालवलेली बाई, उद्या सकाळच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे, रागातही आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण खाटेसमोरच्या खुर्चीवर बसून चहा पीत आहे, पण मी त्याच्या खाली नाही. दडपण म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. हा कागद लिहून झाला की ते सोबत घेऊन जाणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आहे.

कलम पहिले. माझी बँकेतली सगळी बचत रुग्णालयाला द्यावी, पण फक्त जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी. नव्या यंत्राला देणगीदार हसत पैसे देतात, कारण त्यावर नावाची पाटी लागते. बिघडलेल्या यंत्राकडे कुणी ढुंकून पाहत नाही. माझ्या नावाची पाटी कुठेही लावू नये.

कलम दुसरे. राखाडी कोट माझ्या जागी आलेल्या मुलीला द्यावा. त्यात माणूस ना गरीब दिसतो ना श्रीमंत, आणि मागायला जाताना असंच दिसावं लागतं. पोरी, आजाराचं रडगाणं घेऊन कुणाच्या दारात जाऊ नकोस. बरं झालेलं मूल आता काय उपद्व्याप करतं ते सांग. मी या कामात शिरले तेव्हा मला हे सांगणारं कुणी नव्हतं. मी चौकशीच्या खिडकीत बसायचे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा एक बाप आला आणि म्हणाला, "काचेची पेटी रिकामी नाही, मग माझ्या मुलीला ठेवायचं कुठे?" मी कुणाला न विचारता उठले आणि समोरच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेले. मालक म्हणाला, "ताई, सकाळपासून मागणाऱ्यांची रांग लागलीय." मी म्हटलं, "मग मी रांगेत बसते. पाय दुखतायत." बसले, त्याच्या नातवंडांची चौकशी केली, आणि पेटीचा शब्द घेऊनच उठले. दुसऱ्या दिवशी खिडकी सोडल्याबद्दल मला ताकीद मिळाली.

कलम तिसरे. थोरल्या भावाला माझं मनगटी घड्याळ. दादा माझ्या नोकरीला "शिकल्या-सवरल्यांची भीक" म्हणायचा. पुढे त्याचाच नातू महिनाभर आमच्या काचेच्या पेटीत वाढला. घड्याळ देते, बोलणं माफ करत नाही.

अध्यक्ष विचारतात, "ताई, घरापर्यंत आलात का?"

आले.

कलम चौथे. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं राहतं घर. ते कागदोपत्री माझं आहे. हप्ते मात्र माझ्या पगारातून आणि धाकट्या बहिणीच्या शिवणकामातून फिटले. तिचा नवरा गेल्यापासून ती तिथेच राहते, पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे.

आता घडलं ते लिहिते. देणगीच्या सभेत पहिला आकडा बोलणारा माणूस आम्ही आधीच ठरवून ठेवतो. आपसात त्याला बोहनी म्हणतो. त्याने तोंड उघडलं की बाकीच्यांच्या खिशातले हात बाहेर येतात. गेल्या वर्षीच्या सभेत आमची बोहनी आलीच नाही. सभागृह भरलेलं आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. तेव्हा अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाले, "आपल्या ताई स्वतःचं राहतं घर या मुलांना देतायत!"

मी हात जोडले. अहो, मी "पुरे करा आता" म्हणून जोडले. सभागृहाला तो नम्र होकार वाटला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आकडे येऊ लागले, आणि माझं म्हणणं ऐकायला कुणाला सवडच उरली नाही.

बहिणीला हे कपडे शिवून घ्यायला आलेल्या एका बाईकडून कळलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी ती मला विचारायला लागली, "ताई, हे कपाट सरकवलं तर चालेल?" स्वतःच्या घरात. माझ्या काळजाला घरं पडली ती तेव्हापासून, डॉक्टर काही म्हणोत.

तरी सदर घर, त्यातील सर्व वस्तूंसह, मी माझ्या धाकट्या बहिणीला पूर्ण मालकीहक्काने देत आहे. संस्थेचा त्यावर कोणताही हक्क राहणार नाही.

एवढं लिहून मी कागद अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी वाचला. कप खाली ठेवला, कागद परत दिला.

"ताई, तुमच्या घराकडे बघून लोकांनी आकडे घातलेत. बोंब झाली तर नवा विभाग अर्धवट राहील. पोरांचं काय?"

प्रश्न खोटा नाही. मी म्हटलं, "वाचले तर प्रत्येकाच्या दारात मी जाईन. नाही वाचले तर तुम्ही जा आणि खरं सांगा."

"सभेत तेव्हाच नाही म्हणायचं होतंत."

"तुम्ही आधी विचारायचं होतंत."

बहीण औषधं घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं. मी जन्मभर परक्यांना मागत फिरले, हिला कधी काही विचारलं नाही. म्हणून आत्ता विचारलं, "तुला हवंय ना घर?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "हवंय. पण तुझ्याशिवाय नकोय. मला भीती वाटतेय, ताई."

मलाही वाटते आहे. हे कलम तरीही कायम.

अध्यक्ष सही न करता, कागदही न घेता गेले. साक्षीदार म्हणून त्यांच्यासाठी राखलेल्या जागेवर, उद्याच्या शस्त्रक्रियेआधीची तपासणी करायला आलेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी सही केली.

ठिकाण: हृदयरोग रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: या खोलीची परिचारिका. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: भूलतज्ज्ञ. सही माझ्यासमोर झाली. उद्या यांना मी झोपवणार आहे. आज त्या पूर्ण जाग्या होत्या.