फिरव म्हटल्याशिवाय

सोमवार, ४ मार्च

छोट्या,

आशीर्वाद. पन्नाशी ओलांडलीस तरी माझ्या लेखी छोट्याच, त्याला इलाज नाही. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण निवृत्त बाईच्या घरात कुरकुरायला कुणीतरी हवंच की.

फोन सोडून ताई कागद का काळे करतेय, असं म्हणशील. तू फोन उचलतोस आणि दोन वाक्यांत मला वाटेला लावतोस. 'बरा आहे. गिऱ्हाईक आलंय.' दुपारी दोन वाजता, दुकानाचं शटर खाली असताना कसलं गिऱ्हाईक रे? पत्र तरी मध्येच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण निदान मला ते ऐकू येत नाही.

हात कसा आहे? तुझी बायको सांगत होती, डाव्या हाताने खडूची रेघ सरळ यायला लागलीय आणि कापड बेतायला माणूस ठेवलायस. ऐकून बरं वाटलं, असं लिहिणार होते. नाही वाटलं बरं. तीस वर्षं तू स्वतःच्या कात्रीला कुणाला शिवू दिलं नाहीस.

परवा खालच्या मजल्यावरची शेजारीण आली होती. तिला कळेना की घरात अँटेना दिसत नाही आणि ही बाई रेडिओवरून जगभर बोलते कशी. मी समजावलं, आमच्या इमारतीच्या कमिटीला गच्चीवर काही चालत नाही, म्हणून माझा टॉवर दोनशे किलोमीटरवर भावाच्या अंगणात आहे. मी इथे माउस दाबला की इंटरनेटवरून तिथल्या कंट्रोल बॉक्सला हुकूम जातो आणि टॉवरच्या टोकावरची मोटर अँटेना हव्या त्या दिशेला फिरवते. ती म्हणाली, 'अगंबाई, म्हणजे इथे बसून भावाच्या डोक्यावर मिरे वाटता!' मी हसले. मग ती गेल्यावर कॉम्प्युटर बंद करून टाकला.

आता मुद्द्याचं. रेडिओकाकांचा काल फोन आला. तुझ्या-माझ्यातला तो कंट्रोल बॉक्स त्यांनी आपल्या हाताने बनवला, म्हणून तुझ्या हाताचं त्यांनी जिवाला लावून घेतलंय हे तुला ठाऊक आहेच. पण आता ते येत्या रविवारी स्वतः टॉवरवर चढायचं म्हणतायत! एकाहत्तर वर्षांचा माणूस, साठ फुटांवर! म्हणाले, 'ताई, साडेतीन महिने बॉक्स टेबलावर खोलून बसलोय. चूक सापडत नाही. टेबलावर नाही म्हणजे वरच असणार. मोटर चालू ठेवून वर जाऊन बसतो. खाली कुणीतरी नेट तोडा, परत जोडा. आपोआप फिरते का ते डोळ्यांनी बघतो.'

त्यांना अडव. अंगण तुझं आहे. तू नाही म्हटलंस की विषय संपला. आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबने त्यांचे बॉक्स वापरू नका असं पत्रकात छापलं, सात जणांनी आपापले बॉक्स परत नेऊन त्यांच्या दारात ठेवले, एवढी शोभा पुरे झाली. नसेल सापडत चूक तर नसेल. काही गोष्टी होऊन जातात, त्याला कोण काय करणार.

पोस्टाने मला एक कार्ड आलंय. त्याचं पुढे कधीतरी.

काकांना तेवढं अडव. कळव मला.

ताई


बुधवार, ६ मार्च

छोट्या,

तुझा मेसेज मिळाला. 'चढू दे. त्याने केलंय, त्यानेच शोधावं.' सहा शब्द. पहिल्यांदा वाचला तेव्हा तुझा राग आला. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा ज्याचा यायला हवा त्याचा आला.

हे कुरियरने पाठवतेय, शुक्रवारी हातात पडेल. रविवारच्या आत वाच. दुकानात गिऱ्हाईक असेल तर त्याला जाऊ दे आणि मग वाच. हे मी फोनवर सांगू शकले असते. पण फोनवर तुझा आवाज आला की मी पुन्हा खोटं बोलेन, मला माझी खात्री नाही.

बॉक्समध्ये चूक नाही. नव्हतीच कधी. नेट गेलं, परत आलं आणि अँटेना आपोआप फिरली, हे मी रचलं. अँटेना मी फिरवली.

लिहून झालं. आता बाकीचं.

अठरा नोव्हेंबरला, शनिवारी सकाळी, तू अँटेनाचा सैल झालेला क्लॅम्प आवळायला टॉवरवर चढणार होतास. चढायच्या आधी मोटरचा फ्यूज काढायला निघालास. ज्याला चढायचं त्याने फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, हा आपला नियम. मीच फोनवर म्हटलं, 'राहू दे रे, आवळलास की लगेच फिरवून बघू, नाहीतर पुन्हा खालीवर करशील. तू फिरव म्हटल्याशिवाय मी हात लावत नाही.' तू म्हणालास, 'बघ हं ताई,' आणि चढलास. पुढे तुझ्या बायकोने 'फ्यूज का नाही काढलात' म्हणून तुला फाडून खाल्लं, क्लबच्या लोकांनी शहाणपण शिकवलं, पण तू एकदाही माझं नाव घेतलं नाहीस. मीही घेऊ दिलं नाही. गप्प बसले.

मी सगळ्यांना सांगितलं की त्या वेळी माझा रेडिओ बंद होता आणि मी नुसती फोन धरून बसले होते. रेडिओ चालू होता. तुझा फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला होता, आणि हेडफोन एका कानावर होता.

तुला ते बेट आठवतं? जिथे माणूस राहत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांतून एकदा कुणीतरी हौशी मंडळी बोटीने जाऊन दहा दिवस तंबू ठोकून रेडिओ लावतात? मागच्या वेळी ते लागले तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्युटीवर होते, आणि घरी येईपर्यंत संपलं होतं. बावीस वर्षं मी त्याचं दुःख तुझ्यासमोर उगाळलंय. त्या शनिवारी त्यांचा शेवटचा दिवस होता. अकरा चाळीसला ते ऐकू आले. अगदी बारीक, कारण अँटेनाचं तोंड दुसरीकडे होतं.

तू तेवढ्यात पाना खाली पडल्याचं काहीतरी म्हणालास. तो आणायला तू उतरला असशील, असं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारायला दोन सेकंद लागले असते, छोट्या. दुसराही कान झाकला आणि नकाशावर त्या बेटावर क्लिक केलं.

इथवर कुणी म्हणेल, चूक झाली बाईकडून. मी स्वतःला साडेतीन महिने हेच सांगतेय. पण पुढचं राहिलंय, आणि खरं तेच आहे.

तुझा हात फिरणाऱ्या पाइपाची कडी आणि टॉवरचा खांब यांच्यामध्ये सापडला. तू ओरडत होतास, 'ताई, उलटी फिरव! उलटी!' हे मला माहीत आहे कारण नंतर तूच सांगितलंस. मला तेव्हा ऐकू आलं नाही. स्क्रीनवर दिसलं की अँटेना अर्ध्यातच अडली आहे, पुढे जात नाही. तरी आवाज आता बरा येत होता. मी म्हटलं, भागेल एवढ्यावर. अडली का, ते बघावंसंही वाटलं नाही. मी त्यांना हाका मारत राहिले. तीनदा मारली, बाकीच्यांच्या गर्दीत दबली. चौथ्यांदा त्यांनी माझी कॉलसाइन, म्हणजे माझं रेडिओवरचं नाव, घेतली. मी वहीत वेळ लिहिली, ११:४२. हसलेसुद्धा. मग हेडफोन काढला.

फोनमधून जो आवाज येत होता तो तुझा आहे हे कळायला मला वेळ लागला.

डॉक्टर म्हणाले होते, 'लगेच सुटला असता तर बोटं वाचली असती.' तू त्यांना म्हणालास, 'बॉक्स अडकला होता, माझ्या बहिणीने खूप प्रयत्न केला.' मी तिथे तुझ्या खाटेजवळ उभी होते रे. मान हलवली मी. बॉक्स अडकला नव्हता. मी उलटं बटण दाबल्याबरोबर त्याने एका क्षणात तुला सोडलं. त्या मुक्या बॉक्सने दोन्ही वेळा माझं ऐकलं.

काकांनी माझ्याकडे कॉम्प्युटरची नोंद मागितली होती, कधी कुठला हुकूम गेला त्याची. मी म्हटलं, हार्ड डिस्क गेली. धडधडीत सांगितलं. ती गेलेली नाही. सोबत छापून जोडलीय. फिरवायचा हुकूम आणि उलटा हुकूम, यांत एक मिनिट दहा सेकंद आहेत. मी पुन्हा पुन्हा मोजले, कमी होत नाहीत. आणि ते कार्ड, ज्याचं मी टाळलं, ते त्या बेटावाल्यांकडून आलंय. भेट झाल्याची पोचपावती. तारीख, वेळ, सगळं त्यांच्या बाजूनेही बरोबर. तेही पाकिटात आहे. मला घरात नको.

नोंदीची एक प्रत काकांना पाठवलीय, एक क्लबच्या सेक्रेटरींना. तुला आधी सांगायला हवं होतं, पण मग मी बाकीच्या दोन धाडल्याच नसत्या. ओळखून आहे मी मला.

त्या म्हाताऱ्याला वर चढू देऊ नकोस. जे तिथे नाही ते शोधायला तो चाललाय.

ताई


मंगळवार, १२ मार्च

छोट्या,

काकांचा फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. मला वाटलं शिव्या देतील, मी खुर्चीत नीट बसून घेतलं. ते एवढंच म्हणाले, 'म्हणजे ताई, माझा बॉक्स बरोबर होता?' मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. साडेतीन महिन्यांत, म्हणाले, त्यांनी एकही नवा जोड दिला नव्हता. सोल्डरिंगची सळई हातात घेतली की परत ठेवून द्यायचे, कुणाचा जीव घेऊ म्हणून. मग त्यांनी फोन ठेवला, मला एक वाकडा शब्द न बोलता. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुझ्या बायकोने शनिवारी सांगितलं की तू पत्र वाचून शटर ओढलंस आणि चालत काकांकडे गेलास, त्यांच्या पायरीवर जाऊन बसलास. तुम्ही काय बोललात ते तिला माहीत नाही. मी विचारलंही नाही. ती म्हणाली, 'ताई, हा माझा शेवटचा फोन. त्यांच्यासाठी केला, तुमच्यासाठी नाही.' बरोबर आहे तिचं. माझ्या बाजूने तिच्याशी भांडू नकोस. भांडणार नाहीसच म्हणा.

क्लबला मी लिहून दिलंय की काकांबद्दल जिथे छापलं तिथेच माझं नाव छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

काल तुझा मेसेज आला. तीन दिवस मी वाट बघत होते आणि भीतही होते. मला वाटलं होतं, तू विचारशील का केलंस, किंवा येऊ नकोस म्हणशील. तू विचारलंस, 'त्या बेटावाल्याशी काय बोललीस?'

कालपासून हा कागद समोर आहे. गुळमुळीत काहीतरी लिहून दोनदा फाडला. तू विचारलंयस, तर जसं झालं तसं सांगते.

काही बोलले नाही. अशा वेळी मागे हजार माणसं रांगेत असतात, गप्पा मारायला कुणाला वेळ नसतो. त्याने माझी कॉलसाइन म्हटली आणि म्हणाला, 'पाच, नऊ.' मी म्हणाले, 'पाच, नऊ. थँक्यू.' तो पुढच्याकडे वळला. त्याचं नावही मला माहीत नाही.

या आकड्यांचा अर्थ तू मला कधी विचारला नाहीस. तुला माझ्या या नादात गम्य नव्हतं, नुसता माझ्यासाठी वर चढायचास. आता सांगते. पाच, नऊ म्हणजे: तुमचा आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू येतोय.

तू वर ओरडत असताना हे मी दुसऱ्याला सांगितलं.

ताई