आशीर्वादाचा दाखला

एफ्राइम, यूटा
रविवार, ४ मे २०१४, दुपारी चार वाजून दहा मिनिटे

प्रिय जनेल,

चर्चच्या कचेरीत बसून तुझ्या तान्ह्या एडीच्या आशीर्वादाचा दाखला भरत होतो, तो बाजूला सारून हे लिहितोय. आज उपासाचा रविवार, पोटात काही नाही.

तू शाळेत गणित शिकवतेस. मी शाळा अर्धवट सोडली. तरी चर्चच्या नोंदी माझ्याकडे, कारण कारकुनीलाही इथे पुरुषच लागतो. आणि सकाळी एडीला आशीर्वाद द्यायला वर्तुळ करून उभे राहिलेले ते सहा पुरोहित, म्हणजे चर्चमधले आपले साधे पुरुषच! ब्रदर लंडच्या बुटांना गोठ्यातला चिखल, बिशप स्टॉडर्डचे सासरे उभ्याउभ्या पेंगत होते. सगळ्यांनी मिळून एका बाळाखाली हात धरले, पण मान कोणी सावरायची हे एकालाही कळेना. माईक धरायला सातवा माणूस चालला. बाळ धरायला आई चालली नाही. तू पुढे येऊन एवढंच म्हणालीस, "मी बोलणार नाही, नुसती धरते." त्यावर बिशप अख्ख्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो सिस्टर जनेल, नऊ महिने तुम्हीच धरलंत की! आता पाच मिनिटं आम्हालाही द्या." सगळे खो खो हसले. असले विनोद करायचा अधिकार म्हणे थेट देवाकडून मिळतो. आशीर्वाद म्हणायला तुझ्या नवऱ्याने, केंटने, तोंड उघडण्याआधीच तू रडणाऱ्या एडीला उचलून निघून गेलीस.

गाडीत आपली आई तणतणत होती, "काय ही नाटकं! माझी पाच पोरं अशीच हातातून घेतली, मी बोलले का कधी?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एल्डन, तुझ्या वेळी मी हात पुढे केला होता. तुझ्या बाबांनी दाबून खाली केला."

तू केंटशी बोलत नाहीस म्हणे. बाळ स्वतः धरायचा तुझा बेत नवऱ्यानेच बिशपना सांगितला, असं तुला वाटतं. त्याने नाही सांगितला. तू विश्वासाने मला सांगितलंस आणि गुरुवारी मी तो बिशपना सांगून आलो. नियम मोडला तर नोंदीत काय लिहू, एवढीच माझी भिकार भीती. तो विनोद त्यांनी तीन दिवस घोटला असणार. आणि एडीखाली हात धरून मीही हसलो.

बिशप म्हणतात, आशीर्वाद पुरा झाला असं लिहून टाक. मी लिहिलं नाही. दाखला सोबत पाठवतोय. एडीचं नाव तीनदा तपासून घातलंय. आशीर्वाद कोणी दिला, ती ओळ कोरी आहे. ती तू भर.

तुझाच, त्या सहांतला सहावा,
एल्डन